उपाशी वाफा

म्हाताऱ्याला पाचवा वाफा पहिल्या दिवसापासून पटला नव्हता.

"चौघांना द्यायचं आणि पाचव्याला नुसतं त्यांच्याकडे बघत उभं करायचं," तो म्हणाला. "हा कुठला न्याय?"

"न्याय नाही बाबा, प्रयोग आहे," सून म्हणाली. ती ओल्या मातीवर दोरी ताणून वाफ्याची कड सरळ करत होती.

"नाव काहीही द्या. उपाशी ते उपाशीच."

बांधावर उभी असलेली नत्रबाई हसली. ती संशोधन केंद्रातून यायची. दर दोन वाक्यांमागे एकदा तिच्या तोंडून 'नत्र' निघायचं, म्हणून गावानं तिला ते नाव चिकटवलं होतं. तिलाही ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे.

"आजोबा, पिकाला नत्र लागतंच," ती म्हणाली. "ते युरियातून मिळतं, अमोनियम सल्फेटातून मिळतं, कॅल्शियम नायट्रेटातून मिळतं आणि तुमच्या शेणखतातूनही मिळतं. पण प्रत्येकाचा गुण वेगळा. कुणी काय केलं हे कळायला एका वाफ्याला काहीच न देता बघावं लागतं."

"काहीच न दिल्यावर काय होतं, ते मला विचारा की. एवढ्यासाठी हंगाम कशाला घालवता?"

सुनेचा नवरा ठिबकच्या नळ्या अंथरत होता. तो मान वर न करता म्हणाला, "बाई, तुम्ही त्यांचं मनावर घेऊ नका. पत्र्याचे नंबर आणलेत ना, ते ठोकून घेऊ."

पाच वाफे, प्रत्येकात टोमॅटोची वीस रोपं. पहिल्याला युरिया, दुसऱ्याला सल्फेट, तिसऱ्याला नायट्रेट, चौथ्याला शेणखत. पाचव्याला फक्त पाणी.

हे सगळं उद्भवलं होतं ते गेल्या हंगामातल्या टोमॅटोवरून. नवऱ्यानं त्या वर्षी सगळ्या रानाला सल्फेट घातलं होतं, तेही हात सैल सोडून. झाडं अशी माजली की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. पानं काळीभोर, तळहाताएवढी रुंद. म्हातारा तेव्हाही कुरकुरला होता, पण झाडांकडे बघून त्याचीही बोलती बंद झाली होती. मग फळं धरली, आणि पिकता पिकता त्यांची बुडं काळी पडू लागली. वरून लालबुंद, तळाला चामड्यासारखा काळा डाग. बाजारात व्यापाऱ्यानं वरची तीन फळं उचलून उलटी केली, आणि एक शब्द न बोलता अख्खं क्रेट नवऱ्याच्या पायांवर ओतलं. आजूबाजूचे हसले. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, रिकामी क्रेटं गाडीत टाकली आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी बोलला तो भांडायलाच. म्हातारा म्हणायचा, पांढऱ्या खतानं घात केला. नवरा म्हणायचा, खताचा काही दोष नाही, पाणी कमी-जास्त झालं. आणि पाण्याकडे बघायला वेळ कुणाला होता, निम्मा दिवस तर गाईंच्या मागे जातो. तांबडी आणि कवडी या दोन गाई. त्यांचं दूध घरापुरतं. त्या ठेवल्या होत्या शेणासाठी, आणि शेण होतं म्हाताऱ्याच्या खड्ड्यासाठी. गोठ्यामागचा तो खड्डा म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्यात तो रोज सकाळी पाट्या ओतायचा, थर लावायचा, वरून माती टाकायचा, आणि हात घालून आतली ऊब तपासायचा.

"विकून टाकू गाई," नवरा म्हणाला होता. "एवढं करून त्या शेणानं पिकाला काही होतं का, हे एकदा तरी बघू."

म्हणून नत्रबाईचा प्रयोग घरात आला, आणि त्याबरोबर करारही ठरला. सल्फेटाच्या वाफ्यात बुडं काळी पडली तर नवऱ्यानं सल्फेट कायमचं सोडायचं. शेणखताचा वाफा उपाशी वाफ्यापेक्षा ठसठशीत पुढे गेला तर गाई राहतील. नाही गेला, तर म्हाताऱ्यानं हू की चू न करता त्यांचे दोर सोडायचे. दोघंही हो म्हणाले. वही कुणी ठेवायची, यावरही त्यांचं ताबडतोब एकमत झालं. वर्षभरातलं ते पहिलंच.

"सूनबाईकडे," म्हातारा म्हणाला.

"तिच्याकडेच," नवरा म्हणाला.

सुनेनं वही घेतली. गाई गेल्या तर सगळ्यात आधी सुटणार होती ती तिची कंबर. चारा तिनं कापायचा, गोठा तिनं झाडायचा, शेणाच्या पाट्या खड्ड्यापर्यंत तिनं न्यायच्या, आणि म्हाताऱ्यानं फक्त ओतायच्या. रात्री कुशीवर वळताना तिच्या तोंडून 'आई गं' निघायचं. तिनं हे कुणाला बोलून दाखवलं नाही. वहीचं काम आपल्याकडे आलं याचा तिला मनातून अभिमान वाटला होता. घरात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या शब्दावर काहीतरी ठरवणार होतं.

रोपं लागली. नत्रबाईनं मोजून दिलेल्या पुड्या ठरल्या दिवशी ठरल्या वाफ्यात पडू लागल्या. नवरा काठ्या रोवायचा, सून सुतळीनं रोपं बांधायची. बोटांना टोमॅटोच्या पानांचा हिरवा-काळा चीक बसला, तो साबणानं निघेना. दर आठव्या दिवशी ती लाकडी पट्टी घेऊन उंची मोजायची, पानांचा रंग लिहायची, फुलांचे घोस मोजायची. दुसरा वाफा सगळ्यांच्या पुढे धावला. तिसरा त्याच्यामागे, पण बेताबेतानं. चौथा आळशी पोरासारखा आधी बसून राहिला आणि मग उठला.

पाचवा उठलाच नाही. पंचविसाव्या दिवशी त्याची खालची पानं पिवळी पडली. खोडं काडीसारखी राहिली, देठांवर जांभळट झाक आली. म्हातारा त्या बाजूनं जाताना भांडण असलेल्या घरावरून जावं तशी मान फिरवून जायचा.

"बघितलंस का तिकडे?" त्यानं एकदा सुनेला विचारलं.

"रोज बघते. लिहिते पण."

"काय लिहितेस?"

"पिवळी. दीड वीत."

"आणि हे लिहून झालं की वही मिटून घरी येतेस?"

"मग काय करू बाबा?"

खोकत खोकत तो गोठ्याकडे गेला.

पुढच्या दोन मोजण्या तशाच गेल्या, किंवा सुनेला तशा वाटल्या. त्याच्या पुढच्या वेळी तिनं पट्टी लावली आणि परत लावली. पाचवा वाफा आठ दिवसांत चार बोटं वाढला होता. शेंड्याची पानं पोपटी होती, आणि कुठे कुठे फुलं होती. तिनं आकडा लिहिला. आकडा खरा होता, म्हणून लिहिला.

नत्रबाई आली तेव्हा गुडघे टेकून पाचव्या वाफ्यातच बसली. तिनं पान बोटांत चोळलं. प्रत्येक वाफ्यातून देठासकट पानं कापून कागदी पिशव्यांत भरली आणि पिशव्यांवर नंबर टाकले.

"केंद्रात तपासू. पानात किती नत्र आहे ते कळेल," ती म्हणाली. "मला वाटतं तुमच्या मातीत जुनं काहीतरी साठलेलं आहे. हे सापडलं तर फार मोठी गोष्ट आहे हो!"

तिचा चेहरा उजळला होता. म्हातारा शेजारी उभा राहून डोकं खाजवत होता. सुनेनं वही उघडून पाचव्याचा आकडा पुन्हा वाचला.

चार दिवसांनी तांबडी सकाळी सकाळीच हंबरायला लागली, म्हणून सून नेहमीपेक्षा लवकर गोठ्यात गेली. नुकतं दिसू लागलं होतं. शेण ज्या पिंपात पाण्यात भिजत असे त्याचं झाकण बाजूला होतं, आणि आतला डबा गायब होता. जमिनीवर थेंबांची ओळ होती. ती ओळीमागे चालत गेली.

म्हातारा पाचव्या वाफ्यात होता. गुडघे वाकत नसल्यामुळे तो बसल्या बसल्या पुढे सरकत होता. बादली ओढायची, डब्यानं मोजून बुडाशी ओतायचं, ते मुरलं की तळहातानं वर कोरडी माती पसरायची. पसरताना तो रोपाशी बोलत होता.

"घे बाई. सावकाश घे. कुणी ओरडत नाही."

"बाबा," सून म्हणाली.

तो दचकला नाही. हातातलं रोप त्यानं आधी पुरतं केलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"पिवळी पडली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आधी घोट घोटच घातलं. एकदम दिलं तर सोसत नाही."

"अहो, पण हा उपाशी ठेवायचा ठरला होता ना?"

"ठेवला की. पंचवीस दिवस ठेवला. माणसाला ठेवतं का कुणी?"

"मग वर कोरडी माती कशाला टाकता?"

म्हाताऱ्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "तू रागावशील म्हणून."

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. लहान मुलाला सांगावं तसं तिनं सांगायला घेतलं. "चौथ्याला शेण, पाचव्यालाही शेण. मग दोघं सारखेच येणार. फरक दिसणार कुठून? आणि फरक दिसला नाही तर गाई गेल्या. यात तुमचंच नुकसान आहे, बाबा."

"चौथ्याचं मी काही कमी केलं नाही. त्याला त्याचं मिळालं."

"तसं नाही हो..."

"मला कळतंय तू काय म्हणतेस." तो बादलीच्या कडीला धरून उठू लागला, तिनं हात दिला. "एकाला उपाशी ठेवल्याशिवाय दुसरा जेवला हे दिसत नाही, असंच ना? असेल. शिकलेली माणसं म्हणतात म्हणजे असेल. पण माझ्या रानात, माझ्या डोळ्यांदेखत, हाताशी शेण असताना? इतकी वर्षं मी असं नाही केलं. आता नाही घालणार, जा. लिहू नकोस काही."

दोन दिवस त्यानं घातलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पाचव्या वाफ्यातली कोरडी माती बोटानं बाजूला केली. खाली ओल होती, आणि वास होता.

ती कुणाला बोलली नाही. नत्रबाईला सांगू, असं तिनं ठरवलं. पण बाई आली तेव्हा नवरा शेजारीच उभा होता, आणि तिनं वही उघडून नुसते आकडे दाखवले. नवऱ्याला सांगू, असं ठरवलं. तर त्याच दिवशी गड्यांचा घोळ झाला आणि तो चिडलेला घरी आला. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं जास्त जड व्हायचं. वहीत ती पाचव्याचे आकडे स्वच्छ अक्षरात लिहीत राहिली, आणि लिहिताना तिला स्वतःची लाज वाटायची.

तोडणी सुरू झाली. पंपाच्या खोलीच्या चौकटीला ताणकाटा टांगला होता. वाफ्यावाफ्याची क्रेटं वेगळी, चांगली फळं वेगळी, डागी वेगळी. दुसऱ्या वाफ्याची झाडं डोक्याएवढी झाली होती. नवऱ्यानं त्यातलं पहिलं फळ तोडलं, उलटं केलं आणि हातात धरून तसाच उभा राहिला. मग दुसरं तोडलं. दहा फळांत चारांचं बूड काळं होतं. पाणी तर सगळ्या वाफ्यांना एकाच नळीनं, एकाच वेळी मिळत होतं.

सुनेला वाटलं, आता हा क्रेट लाथाडणार. त्यानं तसं केलं नाही. एकेक काळं फळ त्यानं स्वतःच्या हातानं वेगळं केलं, काट्याला लावलं आणि मोठ्यानं सांगितलं, "दुसरा. काळी. सव्वासात किलो. लिही."

तिनं लिहिलं.

संध्याकाळी जेवताना तो बापाला म्हणाला, "पाणी नव्हतं चुकलं, बाबा. खतच चुकलं. तुम्ही म्हणत होता ते खरं."

"होतं असं," म्हातारा म्हणाला. "मलाही त्या पानांनी भुलवलं होतंच की."

बाप-लेक बऱ्याच दिवसांनी एकमेकांकडे बघून बोलत होते. सून त्यांना वाढत होती. हे बघून तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिला रडू यायला लागलं. नवरा स्वतःची चूक काट्यावर तोलून सांगत होता, आणि आपण खरं दाबून बसलो आहोत, हे तिच्या मनातून जाईना.

हिशोबाच्या दिवशी नत्रबाई कागद घेऊन आली. पंपाच्या खोलीसमोर क्रेटं उलटी टाकून सगळे बसले. शेजारचा रोपवाटिकेवाला न बोलावता आला होता. गावात कुठेही काही वाचलं जाणार असलं की तो आधी हजर.

नत्रबाईनं वाचलं. "तिसरा वाफा, नायट्रेट, शहाण्णव किलो. काळं बूड जवळजवळ नाहीच. पहिला, युरिया, चौऱ्याऐंशी; पाला जास्त, फळ उशिरा. दुसरा, सल्फेट, एकूण अठ्ठ्याऐंशी, पण त्यातली एकोणतीस किलो टाकाऊ. अमोनियाचं नत्र जास्त झालं की मुळांना चुना, म्हणजे कॅल्शियम, नीट उचलता येत नाही. फळाच्या बुडाला तो पोचला नाही, की बूड मरतं."

नवऱ्यानं मान हलवली. "सल्फेट सोडलं मी. पुढे वाचा."

"चौथा, शेणखत, बासष्ट किलो." नत्रबाई थांबली. "पाचवा, बिनखताचा, साठ. पानांतलं नत्रही दोघांचं जवळपास सारखं. म्हणजे या शेतात शेणखतानं टोमॅटोला काही फरक पडत नाही, असंच मला लिहावं लागेल."

"घ्या!" रोपवाटिकेवाल्यानं मांडीवर थाप मारली. "म्हणजे म्हातारबांनी जन्मभर पाट्या वाहिल्या त्या हवा खायलाच!"

तो एकटाच हसला, पण मोठ्यानं हसला. म्हातारा हात गुडघ्यांत धरून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आता बोलेल, सुनेला वाटलं. आता तरी सांगेल. तो अंगठ्यानं माती उकरत राहिला.

नवऱ्याचा आवाज मऊ होता. "बाबा, माझं मी मानलं. आता तुमचं."

"मान्य आहे," म्हातारा म्हणाला. "ने गाई."

सुनेनं वही मांडीवर घट्ट धरली. गप्प बसलं तर सगळं सुटत होतं. गाई जातील, कंबर सुटेल, म्हाताऱ्याची चोरी झाकली जाईल, तिचीही. म्हातारा तर स्वतःच कबूल झाला होता. फक्त त्याच्या जन्मभराच्या कामावर एक खोटी ओळ लिहिली जाणार होती, आणि ती तिच्या अक्षरातल्या आकड्यांवर उभी राहणार होती.

"बाई, ते लिहू नका," ती म्हणाली.

"का? आकडे चुकले का?"

"आकडे बरोबर आहेत. वाफा उपाशी नव्हता."

मग तिनं सांगितलं. पिंप, डबा, सकाळ, कोरडी माती, सगळं. नत्रबाईचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिनं पेनाचं टोपण काढलं, लावलं आणि परत काढलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"दीड महिना झाला."

"दीड महिना," नत्रबाई म्हणाली. "अशी बरीच शेतं आहेत माझी. सगळ्यांत स्वच्छ वही तुमची म्हणून मी केंद्रात ती सगळ्यांना दाखवली." तिनं चौथ्या आणि पाचव्या वाफ्यांच्या रकान्यांवर एक उभी रेघ ओढली. सुनेला ती रेघ अंगावर ओढल्यासारखी वाटली.

नवरा उभा राहिला होता. "चोरून? रोज सकाळी? आणि तू गप्प?" मग तो बापाकडे वळला. "मी इथे सगळ्यांसमोर काळी फळं मोजून सांगतोय, आणि तुम्ही गाई वाचवायला लबाडी करताय?"

"गाई वाचवायला असती तर चौथ्याला घातलं असतं ना त्यांनी," सून म्हणाली. ती कधी नव्हे ती त्याच्यावर ओरडली होती. "पाचव्याला घालून ते हरले! मी त्यांना सांगितलं होतं, यानं तुम्ही हराल. तरी घातलं."

नवऱ्यानं मनाशी ते जुळवून पाहिलं, आणि सावकाश क्रेटवर बसला. रोपवाटिकेवाला घसा खाकरून उठला आणि आपल्याला रोपांना पाणी द्यायचंय असं सांगून निघून गेला.



"हे दोन वाफे पुढच्या हंगामात पुन्हा करता येतील," नत्रबाई म्हणाली. ती आता हसत नव्हती. "तोवर शेणखताबद्दल मी चांगलं-वाईट काहीच लिहिणार नाही. पण आजोबा, तुम्ही शब्द द्यायचा. पाचव्या वाफ्याला हात लावायचा नाही."

"तोवर गाई राहू देत," नवरा म्हणाला. "द्या शब्द, बाबा. संपवा."

म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याचे डोळे पाणावले होते.

"नाही देता येणार."

"अहो, पण का?"

"आता हो म्हणेन आणि पिवळी दिसली की पुन्हा घालीन. खोटं कशाला सांगू? एकदा खोटेपणा केला, त्यात पोरीची मान खाली गेली."

"मग गाई जातील," नवरा म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता, पण त्यात राग उरला नव्हता.

म्हाताऱ्यानं गोठ्याकडे पाहिलं. कवडी शिंगानं खुंटा घासत होती.

"मला रानात येऊ देऊ नका," तो म्हणाला. "लावणीपासून शेवटच्या तोडणीपर्यंत. मी घर आणि गोठा बघीन. मला दिसली नाहीत तर राहतील ती उपाशी."

सत्तरी गाठलेल्या त्या माणसाचा रानात गेल्याशिवाय एक दिवस गेला नव्हता. नत्रबाईनं वहीत पुढच्या हंगामाची तारीख लिहिली, आणि लिहिताना तिनं दोनदा डोळे पुसले.

पुढच्या लावणीपासून म्हातारा घरी राहिला. खत तो गोठ्यामागेच चाळून द्यायचा, चौथ्या वाफ्याला कुठे, किती आणि कसं पसरायचं ते सांगायचा, आणि कुंपणाच्या फाटकाशी थांबायचा. फाटक त्यानं ओलांडलं नाही. सून पाटी घेऊन वळली तरी तो तिथेच उभा असायचा, आणि ती परत येईपर्यंत हललेला नसायचा. दुपारी तो पायरीवर बसून दोर वळायचा, पोती शिवायचा. घरात दोर इतके झाले की टांगायला खुंट्या पुरेनात. महिनाभरात त्याच्या टाचांच्या भेगा भरून आल्या. टाचा लहान मुलासारख्या मऊ झाल्या, आणि त्या बघून सुनेला कसनुसं व्हायचं. तिची कंबर आधीसारखीच दुखत होती.

पाचवा वाफा या वेळी खरोखर उपाशी होता. पंचविसाव्या दिवशी पिवळा झाला आणि नंतर त्याला कुणी सावरलं नाही. नवरा त्याच्या कडेनं जाताना पावलं उचलून जायचा. सून पट्टी लावायची, लिहायची आणि वही मिटायची. एकदा तिचा हात पाटीतल्या उरलेल्या खताकडे गेला. मूठ भरली, आणि तिनं ती परत पाटीत सोडली. मग बांधावर बसून ती एकटीच रडली.

म्हातारा रोज संध्याकाळी चौघांबद्दल विचारायचा. युरियाचा किती, नायट्रेटचा किती, माझा उठला का? पाचव्याचं नाव तो काढत नसे. चाळिसाव्या दिवशी ती रानातून आली, हातपाय धुतले, वही फळीवर ठेवली. तो पायरीवरच होता. दोर वळता वळता त्याचे हात थांबले.

"आणि ती कशी आहेत?" त्यानं विचारलं.

वहीत तिनं तासाभरापूर्वीच लिहिलं होतं. पाचवा वाफा. खालची चार पानं वाळली. देठ जांभळे. दोन रोपं मेली.

"हिरवी आहेत, बाबा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. टोमॅटोचं रोप किती दिवस उपाशी राहिलं की कसं दिसतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि गाईंना पाणी पाजायला उठला.